पाचव्या दिवसाची वाटी

वाटी पोटाला चिकटली आणि शेडमधल्या दोनशे बायकांनी एकदम श्वास आत ओढला.

पितळेची साधी वाटी, मुठीत मावेल एवढी. आईसाहेबांनी ती दिव्याच्या ज्योतीवर उपडी धरली, ओठांत काहीतरी पुटपुटल्या, आणि टेबलावर आडव्या झालेल्या बाईच्या उघड्या पोटावर ठेवली. मग हात काढून घेतला. वाटी जागची हलली नाही. आईसाहेबांचे जावई माइक घेऊन पुढे आले.

"ओढून बघा. कोणीही या, ओढून बघा. आमच्याकडे झाकून काही नाही."

पुढच्या रांगेतली एक धट्टीकट्टी बाई उठली. तिने वाटी दोन बोटांनी धरून ओढली. पोटाची कातडी तंबूसारखी वर आली, पण वाटी सुटली नाही. बाई घाबरून मागे सरली.

"धरलंय," जावई म्हणाले. "वाटीनं दुखणं धरलंय. डॉक्टर काय करतो? कापतो. कापलेलं गवत परत उगवतं की नाही? बोला. उगवतं. आईसाहेब कापत नाहीत. आईसाहेब मुळाला धरतात. विज्ञान जिथं चपला काढतं, तिथून आईसाहेबांचा उंबरा सुरू होतो."

थोड्या वेळाने वाटी आपोआप सुटून घरंगळली. तिच्या जागी पोटावर जांभळा-काळा गोल उमटला होता. "बघा, काळं रक्त वर आलं," जावई म्हणाले. बाई उठून बसली, पोटावरून हात फिरवला आणि हसली. दुखत नव्हतं. रडणाऱ्या बायकांत माझी आईही होती.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी तिथेच खांबाला टेकून उभी होते आणि माझ्या हातात धाकट्या बहिणीच्या नंबराची चिठ्ठी होती. त्रेचाळीस.

आईसाहेबांचा एकच नियम होता. पाळीच्या पाचव्या दिवशीच यायचं. "आधीच्या चार दिवसांत वाटी विटाळते," जावई सांगत. "सहावा उजाडला की वाटी झोपते. पाचवा म्हणजे पाचवा. असे तीन महिने, तीन वाट्या. तोवर डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही, गोळी घ्यायची नाही. नियम मोडला तर वाटीला दोष देऊ नका."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. का नाही डोलावणार? ते चार दिवस कुठे बसायचं नाही आणि कशाला शिवायचं नाही, हे सांगणाऱ्यांचा आपल्याकडे कधीच तुटवडा नव्हता. आणखी एकाने एक नियम सांगितला, एवढंच. त्या नियमाखाली काय दडवलंय हे उचलून बघावं, असं आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

आता आम्ही तिथे का गेलो ते सांगते, कारण खरा राग मला त्याचा आहे.

धाकटी बस डेपोच्या खिडकीत तिकिटं देते. अकरा वर्षं ती दर महिन्याला काउंटरखाली गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून सुट्टे मोजत बसली. सगळ्यांनी सांगितलं, बाईच्या जातीला एवढं चालायचंच. शेवटी एकदा ती खिडकीतच कोसळली, तेव्हा तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच काहीतरी पोटात भलत्या ठिकाणी वाढतं, पाळीच्या दिवसांत सुजतं, आजूबाजूच्या अवयवांना चिकटवून टाकतं. मोठ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. नाव मिळालं म्हणून धाकटी त्या दिवशी रडली. आनंदाने.

सहा आठवड्यांनी दाखवायला बोलावलं. मी सोबत होते.

"टाके सुरेख भरलेत," मोठे डॉक्टर म्हणाले. "आज दुखतंय?"

"आज नाही. पण मागच्या आठवड्यात..."

"आज नाही ना? मग झालं तर."

"डॉक्टर, मागच्या आठवड्यात पाळी आली तेव्हा डाव्या बाजूला..."

"हे बघा, आम्ही आत जाऊन पाहिलंय. जाळायचं ते जाळलंय. आता थोडं मनातूनही काढून टाका. मूल होऊ द्या, संसारात गुंतलात की आपोआप विसराल."

तेवढ्यात दारातल्या माणसाने पुढचं नाव पुकारलं. आम्ही आत गेलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, बाहेर आलो तेव्हा तेरा. जिन्यात धाकटी हसत सुटली.

"अकरा वर्षांनी नाव मिळालं गं ताई, आणि तीन मिनिटांत तेही काढून घेतलं."

दोन महिन्यांत दुखणं होतं तसं झालं. फोन केला तर कोणीतरी कागद बघून सांगितलं, पेशंट बरी आहे, तपासणीची पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची. मग आईला कोणीतरी वाटीचं सांगितलं, आणि आम्ही आगीतून उठून फुफाट्यात जाऊन बसलो. आईला हसू नका. ज्या दारावर तीन मिनिटं मिळतात ते दार सोडून माणूस दुसरं दार शोधतो. तिथे निदान आईसाहेबांनी धाकटीचा हात हातात घेतला होता आणि "फार सोसलंस गं बाळा" असं म्हटलं होतं. लबाडीचं पहिलं भांडवल तेच असतं. शहाण्यांनी फुकट देण्यासारखं जे दिलं नाही, ते लबाड देतात.

पहिली वाटी झाली. दुसरी झाली. तिसरीला काही दिवस उरले होते, तेव्हा आमच्या लाँड्रीत झाकण अडकलं.

मी काम करते ती लाँड्री मोठी आहे. इस्पितळांच्या चादरी धुतो आम्ही. कपडे उकळायचं एक बंद भांडं आहे, कमरेएवढं. संध्याकाळी कोणीतरी गरम असतानाच झाकण लावलं आणि हवेची तोटी बंद करून टाकली. सकाळी भांडं गार आणि झाकण उघडेना. आम्ही तिघी लोंबकळलो, तरी ढिम्म. मग फिटरकाका आले. झाकणाला हातही न लावता त्यांनी तोटी फिरवली. फुस्स करून हवा आत गेली आणि झाकण त्यांनी एका बोटाने उचललं.

"आत वाफ होती," काका म्हणाले. "गार झाली, आक्रसली. आत पोकळी झाली की बाहेरची हवा दाबून धरते. यात देव नाही आणि भूत नाही. तोटी उघडायला विसरलेलं एक गाढव आहे, आणि ते कोण ते मला सांगा."

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. मला दिव्यावर धरलेली पितळी वाटी दिसत होती.

घरी येऊन मी स्टीलची वाटी गॅसवर उपडी धरली. पहिल्यांदा मांडीला चटका बसला. दुसऱ्यांदा काठ ओल्या फडक्याने पुसून पटकन टेकवली. दोन मिनिटांत अशी चिकटली की सोडवता येईना. कडेने कातडी बोटाने दाबली तेव्हा फुस्स झालं आणि सुटली. मांडीवर जांभळा गोल. काळं रक्त वगैरे काही नाही, ओढून आणलेलं आपलंच रक्त. मी मांडी धाकटीला दाखवली.

तिने गोलावरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाली, "बरं. वाटी खोटी. पण त्या दिवशी माझं थांबतं त्याचं काय? दोन्ही वेळा उठले तेव्हा दुखत नव्हतं, ताई. ते मी मनातून काढलेलं नव्हतं."

 खोटी वाटी खरं दुखणं कसं थांबवते?

उत्तर दुसऱ्या दिवशी कामावर मिळालं, आणि तेही एका जुन्या वहीत. आमच्याकडे प्रत्येक यंत्राची बिघाडवही आहे. तीन नंबरचा ड्रायर मागे वर्षभर छळत होता. बंद पडायचा, माणूस बोलवावा, तो येईपर्यंत सुरू व्हायचा. माणूस म्हणायचा, चालतोय की, तुम्हालाच उगाच वाटतं. शेवटी फिटरकाकांनी माझ्या हातात वही दिली. "बंद पडतो तेव्हाची वेळ लिही. चालतो तेव्हाचं कोणीही सांगेल." पंधरा दिवसांत कळलं, शेजारच्या बर्फाच्या कारखान्याची मोटर सुरू झाली की आमच्याकडे विजेचा दाब उतरतो आणि ड्रायर थांबतो. दुरुस्तीवाला नेमका मोटर बंद झाल्यावर यायचा.

त्या पानावरून बोट फिरवताना माझा हात थांबला. मी तडक घरी गेले आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.

धाकटी त्यावर लाल पेन्सिलीने फुल्या मारायची. दुखेल त्या दिवशी फुली. जास्त दुखलं तर मोठी. डॉक्टरांची तारीख आणि वाटीची तारीख यांना निळा गोल. मी पानं मागे मागे उलटत गेले. फुल्या पाळीच्या आदल्या दिवशी सुरू व्हायच्या, तीन दिवस मोठ्या होत जायच्या, चौथ्या दिवशी बारीक व्हायच्या. पाचव्यापासून कोरं. आणि सगळे गोल त्या कोऱ्या जागेत. पहिल्या वाटीचा गोल, दुसऱ्या वाटीचा गोल. त्याच्याही आधी मोठ्या डॉक्टरांचा गोल.

एकही गोल फुलीवर बसत नव्हता.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ, असं आपण म्हणतो. इथे फांदी तुटायची वेळ आधी हेरून मग कावळा बसवला जात होता. पाचव्या दिवशी दुखणं तसंही उतरतं. पुढच्या महिन्यात उसळलं तर म्हणायचं, मूळ तडफडतंय. तिसऱ्या महिन्यानंतरही उसळलं तर म्हणायचं, तूच नियम मोडलास. आणि मोठ्या डॉक्टरांनी लबाडी नाही केली, पण 'आज दुखतंय का' एवढंच विचारून तेही त्याच कोऱ्या चौकटीत उभे राहिले होते.

मग मला चौकटींच्या कोपऱ्यात मारलेले बारीक ठिपके दिसले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पाठ," धाकटी म्हणाली. "डावीकडे, बरगडीखाली. नुसतं ठणकायचं. आईसाहेब म्हणाल्या, दुखणं पाठीच्या वाटेनं बाहेर पडतंय."

ठिपक्यांना पाचव्या दिवसाचा नियम माहीत नव्हता. ते कोऱ्या जागेतही पसरले होते. आणि तीन आठवड्यांपूर्वी एकाएकी थांबले होते.

"थांबलंय ना? मग चांगलंच की," आई म्हणाली.

मी फिटरकाकांना विचारलं. आजाराचं नाही, यंत्राचं विचारलं. दाबाचा काटा उड्या मारत होता आणि एकदम गप्प बसला, तर काय समजायचं?

"दोन अर्थ," काका म्हणाले. "दोष गेला, नाहीतर मागची नळी बंद झाली. काट्याकडे बघून कळत नाही. उघडून बघायचं, आणि आजच बघायचं."

धाकटीला डॉक्टरकडे न्यायचं मी तिथेच ठरवलं.

त्या संध्याकाळी घरात मोठं भांडण झालं. आईचं म्हणणं, एक वाटी राहिली, आता डॉक्टरचा हात लागला तर आधीच्या दोन फुकट. मी म्हटलं, फुकटच आहेत. तिने मांडीवरचा जांभळा गोल पाहिला आणि तोंड फिरवलं. पण मला अडवलं ते धाकटीने.

"मला त्या खुर्चीत परत बसायचं नाही," ती म्हणाली. "परत मनातून काढा म्हणाले तर मी काय काढू? तू सांग. वाटी खोटी तर खोटी. ती मला खोटी म्हणत नाही."

ती घाबरली होती, आणि मीही. ती पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून, मी त्या थांबलेल्या ठिपक्यांमुळे. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"दुखत नसताना जायचंच नाही," मी म्हटलं. "उद्या-परवा येईल ना पाळी? लोळायला लागलीस की तशीच उचलते. कोणाला मन दिसणार नाही, पोटच दिसेल."

दोन दिवसांनी सकाळी ती न्हाणीघराच्या दाराशी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ पांढरे. आईने स्वतःच रिक्षा थांबवली. 

सरकारी दवाखान्यात चष्मा लावलेल्या एक डॉक्टरबाई होत्या. पन्नाशीच्या, केस विस्कटलेले, आवाज चिडका. मी पिशवीतून कागद काढले आणि वर कॅलेंडर ठेवलं. या हाकलणार असं मला वाटलं होतं. त्यांनी कॅलेंडर उचललं.

"फुल्या कोणी मारल्या?"

"मी," धाकटी कण्हत म्हणाली.

"आणि ठिपके?"

"पाठ. पण ते थांबलंय."

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी ऑपरेशनचा जुना कागद काढला, इंग्रजीत खरडलेला, आणि वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ तुम्हाला कोणी वाचून दाखवली?"

"नाही."

त्यांनी मराठीत सावकाश सांगितलं. "डावीकडे मूत्रवाहिनीपाशी आजार घट्ट चिकटलेला आहे. आज सोडवणे धोक्याचे. मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे. अशा कामाचा अनुभव असलेल्या पथकाकडे पाठवावे."

आई भिंतीला टेकली. मी ती ओळ बघत राहिले. आठ महिने तो कागद आमच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली होता. मोठ्या डॉक्टरांनी हात थांबवला ते शहाणपण होतं. तोंडही थांबवलं, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

लगेच सोनोग्राफी झाली. पडद्यावर डावं मूत्रपिंड फुगलेलं दिसत होतं. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. "मूत्रपिंडापासून खाली लघवीच्या पिशवीत जाणारी ही नळी. आजारानं बाहेरून आवळलीय. वर पाणी तुंबतं, मूत्रपिंड फुगतं. आधी पाठीत ठणकतं. मग कधीकधी ठणकायचं थांबतं, आणि आत ते निकामी होत जातं. आवाज न करता."

"म्हणजे थांबलं ते..." धाकटीने विचारलं.

"ते बरं झाल्याचं लक्षण नव्हतं. किती उरलंय ते आत्ता सांगता येणार नाही. पाणी आज मोकळं करू. मुळावरचं मोठं ऑपरेशन नंतर, योग्य माणसांकडून. आणखी महिना थांबला असतात तर मला काय सांगावं लागलं असतं, ते मी सांगत नाही."

त्याच दिवशी नळीत बारीक नळी घालून पाणी मोकळं केलं. त्यानंतरचे दिवस मी वॉर्डच्या बाकावर काढले. मूत्रपिंडाची तपासणी व्हायची होती, आणि दर वेळी दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. पाचवा दिवस उजाडला. धाकटीच्या तिसऱ्या वाटीचा नंबर माझ्या पाकिटात होता. सतरा.

"जा तू," धाकटी म्हणाली. "माझ्या नंबरवर जा. मी येऊ शकत नाही ते त्यांना सांग."

शेडमध्ये तीच गर्दी, तोच माइक. सतरा नंबर पुकारल्यावर मी टेबलापाशी गेले आणि पिशवीतून माझी स्टीलची वाटी काढली.

"हे काय?" जावई म्हणाले. "आईसाहेबांचीच वाटी लागते. आणि पाचवा दिवस आहे ना?"

"माझा बारावा आहे," मी म्हटलं. "तुमची वाटी झोपली असेल. माझी जागी आहे."

त्यांना काही सुचायच्या आत मी त्यांच्याच दिव्यावर वाटी धरली. मंत्र मला येत नव्हते, म्हणून रोज लाँड्रीत मोजते ते मोठ्याने म्हटलं. "चादरी चाळीस, अभ्रे साठ, टॉवेल पंचवीस, पडदे सहा." काठ पुसला आणि वाटी पोटावर टेकवली. हात काढला. वाटी चिकटली.

"ओढून बघा," मी म्हटलं. "कोणीही या. माझ्याकडेही झाकून काही नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पुढच्या रांगेतल्या मुलीने येऊन ओढली. कातडी वर आली, वाटी नाही. मी त्यांना झाकणाचं सांगितलं, गरम हवेचं सांगितलं, आणि कड दाबून फुस्स करून दाखवलं. जावई ओरडू लागले की ही बाई करणी करते.

"करणी असेल तर धोबिणीची आहे," मी म्हटलं.

तेव्हा एक वयस्क बाई उठली. आवाजात राग होता. "वाटीचं राहू दे बाई. पण माझं दुखणं थांबलं ना? ते काय तुझ्या टॉवेलांनी थांबवलं?"

"कधी थांबलं, मावशी? वाटी लावली तेव्हा, की सकाळी घरून निघालात तेव्हाच उतरलं होतं? वाटी लावायच्या आधीच्या महिन्यांत कितव्या दिवशी उतरायचं?"

तिने मोजायला हात वर घेतला. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. तिच्या शेजारची मोजू लागली. तिच्या मागचीही. शेडभर नुसते अंगठे चालले होते. इतकी वर्षं ज्यांना दिवस मोजायला लावले, त्या बायका पहिल्यांदा स्वतःसाठी दिवस मोजत होत्या.

कोपऱ्यातून एक आवाज आला. बाकावर एक तरुण बाई वाकून बसली होती, कपाळ गुडघ्याला टेकलेलं.

"माझा दुसरा दिवस आहे," ती म्हणाली. "खोटं सांगून आत आले. सहन होत नाही. मला लावा वाटी."

सगळ्यांनी आईसाहेबांकडे बघितलं. पितळी वाटी त्यांच्या हातातच होती. त्यांनी ती दिव्याकडे नेली, मग मांडीवर ठेवली.

"लावा ना," वयस्क बाई म्हणाली.

"असं कसं लावतील?" जावई भडकले. "दुखत्या पोटावर वाटी ठेवली तर बाई किंचाळणार नाही का?"

माइक सुरूच होता. ते वाक्य शेडच्या पत्र्यावर आदळून सगळीकडे ऐकू गेलं. आईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. दुखणं धरणारी वाटी दुखत्या पोटाला घाबरत होती, हे आता कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

सगळी गर्दी उठून गेली असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. निम्म्या बायका रांगेत बसून राहिल्या. काहींनी मला शिव्या घातल्या. पण त्या वाकलेल्या बाईला मी खांद्याचा आधार देऊन बाहेर काढलं, तेव्हा आणखी तिघी पाठोपाठ आल्या. वयस्क बाई पायरीवर उभी राहून अजून पेरं मोजत होती. आम्ही दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तीही येऊन मिळाली.

धाकटीचं मूत्रपिंड निम्मं वाचलं. निम्मं गेलं. हे मी गोड करून सांगणार नाही. मोठं ऑपरेशन पुढे तिघा डॉक्टरांनी मिळून केलं, पाच तास चाललं. आजार मुळासकट गेला असं कोणी म्हटलं नाही आणि ती ते म्हणवूनही घेत नाही. डॉक्टरबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, हा परत डोकं वर काढू शकतो, औषध चालू राहील, लक्ष ठेवावं लागेल. पहिल्यांदा कोणीतरी तिला खरं सांगितलं होतं. त्या रात्री तिला झोप लागली.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी तिच्याकडून कॅलेंडर मागून घेतलं, पुढच्या पानांवर पाळीचा हिशोब धरून बोट फिरवलं आणि दाखवायला यायची तारीख दिली. धाकटीने निळी पेन्सिल काढली आणि गोल केला.

"डॉक्टर, त्या दिवशी तर माझा दुसरा दिवस असेल," ती म्हणाली. "मला उभंही राहवणार नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "आणि त्याआधी दुखलं तर त्याआधी या."

एवढं सांगून माझं संपलं. वाचणाऱ्या बायांनो, आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांनो, चमत्कार तपासायला शाळा-कॉलेज लागत नाही. घरातलं कॅलेंडर पुरतं. दुखेल त्या दिवशी फुली मारा. कोणाकडे जाल, तो माळ घालणारा असो की पांढरा कोट घालणारा, त्या दिवशी गोल करा. ऑपरेशनचा कागद कपाटात ठेवायच्या आधी एकेक ओळ समजावून मागा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, वाटीकडे नको. आणि महिन्याच्या शेवटी ते पान समोर धरून एकच गोष्ट बघा, गोल फुलीवर बसतो का.